चाळीस पोरांचं नुकसान

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर सकाळी सिद्धेश्वराचा फोटो, दुपारी कुणाच्या तरी मुलीची लग्नपत्रिका आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत नंदीध्वजांचे व्हिडिओ, एवढंच येतं. तीन आठवड्यांपूर्वी तिथं एका आठ वर्षांच्या पोरावरून भांडण पेटलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सोलापुरातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गातला हा मुलगा. तासाला मधेच उठतो, घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळतो, एकदा त्यानं शेजारच्या मुलीची वही फाडली. बाकीच्या पालकांनी मुख्याध्यापकांना निवेदन दिलं की या मुलाला वर्गातून काढा. मुख्याध्यापकांनी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, तुम्हीच टीसीचा अर्ज करा, आम्ही शेरा चांगला लिहून देतो. निवेदनावर एकतीस सह्या. त्यातली एक आमच्या वर्गमित्राची. त्यानंच त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला, मुलाचं नाव न झाकता. खाली लिहिलं, ‘एका पोरापायी चाळीस पोरांचं नुकसान का करायचं?’

पटापट अंगठे आले. कुणी लिहिलं की अशांसाठी वेगळ्या शाळा असतात, सरकार त्यांना अनुदान देतं. कुणी लिहिलं की आईबापांनीच समजून घ्यायला पाहिजे. मी लिहिलं की हे बेकायदा आहे. त्यावर एकानं लिहिलं, ‘का बे, टेक्सासात एसीत बसून आम्हाला कायदा शिकवतोस? इथं एका बाईकडं चाळीस पोरं असतात. डॉलरमध्ये सगळं परवडतं.’

हे आधी निस्तरतो. मी शिकवत होतो तो कायदा टेक्सासचा नाही, भारताचा आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा, कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. नापास करण्याबद्दलचा भाग २०१९ साली बदलला, काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, त्याचंही नेमकं कलम १६च: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, बाकीच्यांसोबत शिकवायचं आणि त्याला लागणारी सोय करून द्यायची. त्याच कायद्याचं कलम ३१ म्हणतं की सहा ते अठरा वयाच्या, ठरावीक टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षण मिळेल, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं. पसंती त्याची. एकतीस पालकांची नाही, मुख्याध्यापकांचीही नाही.

एवढं स्पष्ट तर अमेरिकेच्या कायद्यातही लिहिलेलं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ सालीच मान्य केला. अमेरिकेच्या सिनेटमध्ये तो डिसेंबर २०१२ मध्ये मताला आला. ६१ विरुद्ध ३८ मतं पडली, दोनतृतीयांश लागत होती, करार पडला. आजतागायत अमेरिकेनं तो मान्य केलेला नाही. तेव्हा इकडं सगळं पुढारलेलं आणि तिकडं सगळं मागासलेलं असं मी म्हणतच नाही. कागद आपला चांगला आहे. पण तो कागद हातात घेऊन शाळेच्या ऑफिसात उभं राहायची आपल्याला लाज वाटते. आपण तिथं उभे राहतो ते ‘सर, जरा बघा की’ म्हणत.

इकडचे आईबाप काही वेगळ्या मातीचे नाहीत. त्यांनाही हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो नावाच्या गावात एका मुलाला शाळेतून काढलं. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा, अभ्यासात बरोबरीनं चालणारा. बोलताना त्याची लाळ गळायची आणि चेहरा वेडावाकडा व्हायचा. त्याला बघून शिक्षकांना आणि मुलांना मळमळतं, त्याच्याकडं वेळ फार जातो, असं शाळेचं म्हणणं. १९१९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेची बाजू घेतली. बाकीच्यांचं नुकसान! न्यूयॉर्कमध्ये जूडी ह्यूमन नावाच्या पोलिओ झालेल्या मुलीला पाचव्या वर्षी शाळेच्या दारातून परत पाठवलं, कारण तिची व्हीलचेअर आग लागली तर अडथळा होईल म्हणे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात तर सरळ लिहिलेलं होतं की ज्या मुलाचं मानसिक वय पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला शाळेनं घ्यायचं कारण नाही.

हे कुणा दयाळू माणसानं बदललं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेनं राज्यावर दावा लावला आणि १९७१ मध्ये जिंकला. पाठोपाठ १९७२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या सात मुलांच्या वतीनं केलेल्या दाव्याचा निकाल लागला. तिथं शाळा मंडळानं सांगितलं, पैसे नाहीत. न्यायाधीशांचं उत्तर मला पाठ आहे, शब्दशः नाही, पण अर्थानं: पैसे कमी असतील तर कमतरता सगळ्यांत वाटून घ्या, ती या मुलांच्याच वाट्याला जास्त येता कामा नये. आमच्या त्या वर्गमित्राला मी हे तीन वेळा लिहून पाठवलं. चाळीस पोरं आणि एक बाई, हे खरंच आहे. बाईंच्या जिवावर काय बेततं ते मला माहीत आहे, माझी मावशी आयुष्यभर शाळेत होती. पण कमी आहे ते चाळीसांनी मिळून कमी घ्यायचं, की एकाचं सगळंच काढून घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर ‘चाळीस मोठे की एक’ असं होत नाही.

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. तेव्हा दहा लाख मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर होती, हे काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायद्यातच लिहून ठेवलंय. जूडी ह्यूमन मोठी होऊन १९७७च्या एप्रिलमध्ये शंभरावर अपंग माणसांसह सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत जाऊन बसली, जवळजवळ चार आठवडे. भेदभाव करू नये असा कायदा १९७३ सालीच झाला होता, त्याचे नियम सही न होता चार वर्षं पडून होते. त्यांना जेवण काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथरवाले आणून देत. नियमांवर सही झाल्यावरच ती माणसं उठली. सोलापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपलं गाव १९३०च्या मार्शल लॉचं आणि चार हुतात्म्यांचं. विडी कामगार बायकांनी मोर्चे काढून काढून कुंभारीला दहा हजार घरं मिळवली. हक्क मागून मिळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायचं? मग शाळेच्या दारातच आपला आवाज का बसतो?

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना बोलायचा थांबला. ऑटिझम. सोलापुरात आई म्हणाली, दृष्ट लागली. इथं प्री-केपासून, म्हणजे बालवाडीपासून, त्याचं आयईपी आहे, म्हणजे शाळेनं फक्त त्याच्यासाठी लिहिलेला शिक्षणाचा आराखडा. वर्षातून एकदा तो ठरवायची एआरडी मीटिंग होते, टेबलाभोवती आठ माणसं असतात, तपासणी करणारी डायग्नोस्टिशियन, स्पीचवाली, नेहमीच्या वर्गाची जनरल एड टीचर, आणि आम्ही दोघं. पहिल्या मीटिंगला मी घरून निघताना बायकोला म्हणालो होतो, आपण जास्त काही मागायचं नाही, एवढं करतायत तेच खूप आहे. सोलापूर अंगात मुरलेलं. शाळेच्या बाईंनी कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, हे तुम्हाला मान्य नसेल तर तुम्ही इथं असहमत असं लिहू शकता, दहा दिवसांनी आपण परत बसू. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. शाळा मला विचारत होती.

त्याला पहिलीत कान झाकून किंचाळायचीच सवय होती. फायर ड्रिल असलं की आधी सांगतात, तो हेडफोन लावतो, पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस, त्याला दोन मिनिटं आधी बाहेर नेते. झालं. एवढ्यावर भागतं. सोलापुरातल्या त्या मुलाला घंटा वाजायच्या आधी कुणी सांगत असेल का? त्याला असे कितीसे डॉलर लागतात?

१९८८ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकी हीच गोष्ट आली होती. कॅलिफोर्नियातली दोन मुलं, मारामारी करणारी, वर्गात गोंधळ घालणारी. शाळेला ती धोकादायक म्हणून काढायची होती. न्यायालय म्हणालं, अपंगत्वातून आलेल्या वागण्यासाठी शाळेनं एकतर्फी त्यांना दहा दिवसांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही. वाद मिटेपर्यंत मूल आहे तिथंच राहील. काँग्रेसनं हा अधिकार शाळांकडून मुद्दाम काढून घेतलाय, कारण अशी मुलं काढून टाकायची शाळांची जुनी सवय तिला माहीत होती.

आता इकडचं वाईटही सांगतो, नाहीतर ग्रुपवर म्हणतील गोरे दिसले की भाळला. केंद्र सरकारनं १९७५ मध्ये जादा खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलू असं म्हटलं होतं. पन्नास वर्षांत एकदाही उचलला नाही. माझ्याच टेक्सासनं २००४ पासून शाळांना एक आकडा दिला होता: विशेष शिक्षणातली मुलं साडेआठ टक्क्यांच्या आत हवीत. देशात ती तेरा टक्क्यांच्या आसपास होती. ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्रानं २०१६ मध्ये ते उघडकीला आणलं, आणि २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण विभागानं टेक्सासनं कायदा मोडला असं जाहीर केलं. बारा-चौदा वर्षं किती मुलं नुसती ‘थोडं थांबून बघू’ म्हणून बसवून ठेवली. आणि मार्च २०२५ मध्ये तो शिक्षण विभागच बंद करायच्या आदेशावर सही झाली. आमच्या पालकांच्या बैठकीत त्या आठवड्यात कुणी कॉफीसुद्धा घेतली नाही. म्हणजे इथंही हे पक्कं नाही. रोज धरून ठेवावं लागतं.

ग्रुपवरच्या त्या मुलाबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो. तो पद्मशाली घरातला आहे. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि हिंदी, शाळेत मराठी. बाईंनी लिहिलंय, ‘मुलाला बोललेलं समजत नाही.’ कुठल्या भाषेत बोललेलं? आपल्या गावात साखर पेठेतून अशोक चौकाकडं चालत गेलं तर तीन भाषा ओलांडाव्या लागतात. तिथं मुलाची तपासणी कोण कोणत्या भाषेत करतं, हे आधी विचारायला नको? कॅलिफोर्नियात १९७० मध्ये डायना नावाच्या मुलीचा दावा गाजला. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीत बुद्ध्यांक चाचणी देऊन मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. त्यांच्या भाषेत परत तपासल्यावर त्यातली बहुतेक मुलं त्या वर्गात बसायलाच नको होती, असं निघालं. पुढं १९७५च्या कायद्यात चाचणी मुलाच्या मातृभाषेत घ्यायची असं आलं. माझ्या मुलाच्या वेळी शाळेनं फोनवर मराठीचा दुभाषी आणला होता. तो नाशिककडचा होता. माझं ‘तिकडं’, ‘हिकडं’ त्याला कळत होतं, आणि त्या अनोळखी माणसाचा मराठी आवाज ऐकून मी मीटिंगमध्ये रडलो होतो.

आपल्याकडं अडतं कुठं ते मला दिसतं. विशेष शाळा शिक्षण खात्याकडं नसतात, त्या कायम समाजकल्याणकडं राहिल्या, आता महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याण असा वेगळा विभाग झालाय. म्हणजे हे मूल शिक्षणाचं नाही, कल्याणाचं. एका खात्यानं ‘आमचं नाही’ म्हणायचं आणि दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक आणि त्यापुढं पंधरामागं एक विशेष शिक्षक हवा. २०२५ मध्ये परत राज्यांना सांगावं लागलं की आधी पदं तरी जाहीर करा. तक्रार करायची तर दिव्यांग आयुक्त पुण्याला. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, दिवसाचा रोज बुडवायचा, आणि आयुक्तांच्या हातात मुख्यतः शिफारस. यंत्रमागावर काम करणारा बाप हे किती वेळा करील? चाळीस पोरांचं नुकसान बघणाऱ्यांनी या बापाच्या चार खेपा तरी मोजाव्यात.

माझं हे सगळं लिहून झालं आणि मी ग्रुपवर टाकलं. मग एका मैत्रिणीनं मला एकट्याला मेसेज केला. फक्त एवढाच: ‘तुझ्या बहिणीचं तुला आठवतं का रे?’

आठवतं. माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चौथ्या वर्षी गोवराच्या तापात तिचे कान गेले. बोलायला थोडं शिकली होती, ते राहिलं, पण आवाज तिचा वेगळाच यायचा. १९८६ मध्ये ती तिसरीत होती, मी सहावीत, एकाच शाळेत. बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील गिरणीतून रात्रपाळी करून तसेच आले होते. मी व्हरांड्यात उभा होतो. बाई म्हणाल्या, ‘हिच्याकडं बघत बसले तर बाकीच्या पन्नास पोरांचं काय?’ वडील म्हणाले, बरोबर आहे बाई. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घाला म्हणाल्या, ती निवासी. आठ वर्षांची पोर कोण पाठवणार. टीसी झाला. त्याच वर्षी दिल्लीत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्यात अपंग मुलांना होईल तितकं बाकीच्यांबरोबर शिकवायचं असं लिहिलेलं होतं. आमच्या पेठेपर्यंत ते पोचलं नाही.

आणि मला बरं वाटलं होतं. पोरं मला ‘मुकीचा भाऊ’ म्हणायची, ते बंद झालं. मी वडिलांना एक शब्द विचारला नाही. अकरा वर्षांचा होतो, हे मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलंय.

न्यूयॉर्कमधल्या एका बहिऱ्या मुलीचा दावा १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वर्गात बोललेल्यातलं निम्मंही तिला कळत नव्हतं, तिच्या आईबापांना तिच्यासाठी खुणांचा दुभाषी हवा होता. ती पास होतेय ना, मग पुरे, असं न्यायालय म्हणालं, दावा हरला. पहिल्यांदा तो निकाल वाचला तेव्हा मला त्या मुलीचा हेवा वाटला. हरली, पण वर्गात बसून हरली. माझी बहीण आज युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काजं करते. देशभरच्या शाळांचे शर्ट सोलापुरातून जातात.

मी परत का येत नाही, असं सगळे विचारतात. मुलासाठी, असं मी सांगतो आणि ते खरं आहे. सोलापुरात त्याला कुठल्या वर्गात बसवू? पण एवढंच खरं नाही. इथं मी दरवर्षी टेबलाशी बसून ताठ मानेनं मागतो, ते मागताना मी व्हरांड्यातल्या त्या पोराला विसरतो. तिथं आलो की तो दारातच उभा असतो. वर्गमित्रांवर मी एवढा का चिडलो ते मैत्रिणीच्या मेसेजनंतर मला कळलं. त्या एकतीस सह्यांसारखी माझीही एक आहे, फक्त कागदावर नाही.

मार्चमध्ये माझा मुलगा अठरा वर्षांचा होईल. टेक्सासच्या नियमानं शाळेचे सगळे हक्क आमच्याकडून त्याच्याकडं जातात. पत्र त्याच्या नावानं आलंय. तो आठवडाभर सहीचा सराव करतोय, किराणा सामानाच्या पावत्यांच्या मागच्या बाजूला, पहिलं अक्षर मोठं आणि मग एक लांब रेघ.

२०१९ मध्ये वडील गेल्यावर मी सोलापूरला आलो होतो, दहा दिवसांच्या रजेवर. घर माझ्या नावावर करायचं ठरलं होतं. बहिणीचं हक्कसोडपत्र करायला आम्ही रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो. कारकुनानं विचारलं, सही करतात का? मी म्हणालो, अंगठा. बहिणीनं हात पुढं केला होता, पण अंगठा वर करून नाही, पेन मागण्यासाठी. तिसरीपर्यंत शिकलेली तिच्या नावाची तीन अक्षरं तिला येतात, घरात दळणाच्या डब्यावर ती लिहिते, सावकाश, एकेक काना ओढत. मला ते माहीत होतं. मागं रांग होती, लोक पुढं सरकत होते. मी तिचा हात धरून शाईच्या पॅडवर ठेवला.